चिलरमधला हिवाळा

२ नोव्हेंबर, शनिवार

आज परत माझ्या तोंडाने मला अडकवलं.

अल मनखूलला सुलक्षणाकाकूंकडे पाडव्याचा फराळ होता. मामा, मामी आणि मी गेलो होतो. काकूंचा डब्यांचा व्यवसाय आहे, त्यांची सगळी भाजी मामांच्या कोल्ड स्टोअरमधून जाते (मीही तिथेच कामाला), त्यामुळे घरोबा. त्यांची मुलगी ऋता. तिच्याबद्दल लिहायला घेतलं तर ही वही आजच संपेल.

बाल्कनीत ऋताचं एक बोन्साय आहे, प्लमचं. मामा त्याला आलुबुखार म्हणतात. हातभर उंची, पण खोड असं वाकलेलं की वाटावं ह्याने चार पिढ्या पाहिल्यात. वरच्या मजल्यावरचं कोरियन जोडपं दुबई सोडून गेलं तेव्हा तिला देऊन गेलं, सोबत त्याचा एक फोटो. फोटोत पान एक नाही, नुसत्या काळ्या काड्या आणि त्यांवर गुलाबी फुलं. ऋताकडे आल्यापासून पानं भरपूर, फूल मात्र नाही.

तिच्या ऑफिसातला यतीन आला होता. आर्किटेक्ट. शर्टाला एक सुरकुती नाही. चकली मोडत म्हणाला की ह्या झाडाला कडक हिवाळा लागतो, थंडीत झोपल्याशिवाय ते फुलत नाही, सो इन दुबई, फर्गेट इट. आणि ऋताकडे बघून हसला. ते हसणं मला चालत नाही.

"मी फुलवून दाखवतो," मी म्हणालो.

"कसं?"

"आमच्या भाजीच्या थंड खोल्यांत बाराही महिने हिवाळा असतो. चिलर म्हणतात त्याला."

सगळे हसले. ऋता हसली नाही. तिने विचारलं, खरंच नेशील? मी हो म्हणून बसलो. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडून आलेला माणूस, आयुष्यात मनीप्लांट जगवला नाही, आणि हो म्हणालो.

आता ठरलं. झाड फुललं तर ऋताला विचारणार. एकही फूल आलं नाही तर कायमचं गप्प.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर फोनवर प्लमबद्दल वाचलं. कॉलेजात एवढं वाचलं असतं तर आज कुणाला तरी शिकवत असतो. झाडाला एकदम थंडीत टाकायचं नाही. पाणी कमी करायचं, पानं काढायची, आधी गार जागा, मग थंड जागा. मग दोन महिने झोप. फुलाच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होतात म्हणे, फक्त झोप पुरी झाल्याशिवाय उघडत नाहीत.

मामांना विचारलं तर भडकले. "मातीची कुंडी, माझ्या खाण्याच्या मालात? मुनिसिपालिटीवाला आला तर मला तुझ्यासकट सील करेल." मग त्यांनी विचारलं, झाड कुणाचं? ऋताचं म्हटल्यावर वजनकाट्याकडे जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, बंद तळाच्या क्रेटमध्ये ठेव, वेगळ्या रॅकवर, मातीचा कण बाहेर दिसता कामा नये.

मामांना झाडांची एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

ऋता टॅक्सीने आली. झाडाला सीटबेल्ट लावून आणलं होतं. आम्ही दोघांनी लोडिंग बेच्या सावलीत बसून पानं काढली, एकेक, देठापासून. तिने विचारलं, दुखत असेल का रे त्याला? मी म्हणालो, नाही, केस कापल्यासारखं आहे. कुठून सुचलं माहीत नाही.

पानं गेल्यावर दिसलं. प्रत्येक पानाच्या बगलेत कळी. मोहरीएवढी, तपकिरी, घट्ट मिटलेली. यतीनचं म्हणणं बरोबर होतं तर. झाडात सगळं तयार आहे, फक्त थंडी नाही. (यतीन बरोबर असला तरी त्याचं हसणं चूकच होतं.)

आमच्याकडचा महादू साताऱ्याकडचा, माझ्यापेक्षा बराच मोठा, फटकळ. मी कुंडी दोन्ही हातांत धरून आत नेताना ओरडला, "सरका सरका, वहिनींना वाट द्या." ऋता तोवर टॅक्सीत बसली होती, नशीब.

आठवडाभर बटाट्याच्या खोलीत, तिथे बारा डिग्री असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज खऱ्या थंडीत नेलं. चार डिग्रीच्या आमच्याकडे दोन खोल्या. एकीत मेथी, कोबी, फ्लॉवर. तिथला वास सांगायला नको. दुसरीत सफरचंद आणि पेअर. दार उघडलं की कुणीतरी गोड बोलल्यासारखा वास येतो. ऋताचं झाड मी फ्लॉवरच्या वासात ठेवू? सफरचंदाच्या खोलीत, पंख्याच्या झोतापासून लांबचा रॅक दिला. मातीवर ओलं गोणपाट पसरलं.

ऋता रोज लंच अवरला फोन करते. टेम्परेचर किती? चार. मग अर्धा तास बोलत असते. ऑफिसचं, आईचं, मेट्रोत भेटलेल्या बाईचं. एका आकड्यासाठी अर्धा तास. झाडावर किती जीव आहे हिचा.

२० नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या गाळ्यात तहाभाईंचा फुलांचा होलसेल आहे. मूळचे श्रीवर्धनचे, इथे तीस वर्षं. सकाळी त्यांची व्हॅन आमच्या रॅम्पसमोर उभी. माझी पालकाची भाजी उन्हात. मी हॉर्न दिला, ओरडलो, मग जे बोललो ते इथे लिहीत नाही. चार गाळ्यांतली माणसं बाहेर आली.

तहाभाईंनी शांतपणे व्हॅन काढली. जाताना काच खाली करून म्हणाले, "तुझं तोंड थोडे दिवस चिलरमध्ये ठेव रे बाबा."

दिवसभर उत्तरं सुचत राहिली. एकाहून एक. उशिरा.

२७ नोव्हेंबर, बुधवार

महादूने काल कोथिंबिरीचे क्रेट सफरचंदाच्या खोलीत टाकले. आज सगळी पिवळी. मी सगळ्यांसमोर झापला त्याला. सफरचंद गॅस सोडतं, त्या गॅसने कोवळं असेल ते पिवळं पडतं, झडतं, पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना? तो म्हणाला जागा नव्हती. म्हटलं, डोक्यात तर होती ना?

नंतर नेहमीप्रमाणे पाच मिनिटं झाडापाशी बसलो. बाहेर गरम होतं, आत तो गोड वास. डोकं शांत झालं. हे झाड माझा राग उतरवायला पण बरं आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

ऋता बघायला आली. आमचं जाड जॅकेट तिला गुडघ्यापर्यंत आलं. महादूने दार उघडताना सवयीने वर्दी दिली, वहिनी झोपल्यात, आवाज करू नका.

"कोण वहिनी?" ऋताने विचारलं.

महादूने झाडाकडे बोट दाखवलं.

"मग मी कोण?"

"तुम्ही वहिनींच्या आई."

ऋताने माझ्याकडे नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "जावई जरा बारीकच आहेत." महादू खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. चार डिग्रीत मला घाम फुटला.

मग तिने हातमोज्याने एका कळीला हात लावला आणि कळी गळून तिच्या तळव्यावर आली. दोघं बघत राहिलो. एखादी पडतेच, ती म्हणाली. मीही म्हणालो, पडतेच.

३ डिसेंबर, मंगळवार

गोणपाटावर कळ्या पडल्यात. एखादी नाही. खालच्या फांदीवर नुसते डाग उरलेत. पंख्याला दोष दिला, रॅक बदलला. पाणी जास्त झालं म्हणून गोणपाट काढलं, कमी पडेल म्हणून परत घातलं. महादूला विचारलं, तू हात लावलास? तो म्हणाला, वहिनींना?

ऋताला आज फोनवर "चार" एवढंच सांगितलं.

५ डिसेंबर, गुरुवार

कळलं.

आज मेथीची खोली भरली होती. महादू कोथिंबिरीचा क्रेट घेऊन सफरचंदाच्या खोलीच्या दारापर्यंत आला, थांबला, आणि मला म्हणाला, "हितं नगं ना? गॅस असतो. कोवळं झडतं."

माझेच शब्द. माझ्याच आवाजात म्हणाला, मला चिडवायला. मी दारात उभा. एका बाजूला सफरचंदाचे क्रेट छतापर्यंत, दुसऱ्या बाजूला ऋताचं झाड. तीन आठवडे. मी भाजीचा माणूस, रोज लोकांना हाच नियम ओरडून सांगतो, आणि झाड भाजी नाही म्हणून मला तो नियम आठवला नाही. मी त्याला चांगला वास दिला. मी! प्रेमाने!

समोरच्या क्रेटला लाथ घातली. तो भरलेला होता. अंगठा सुजलाय.

आधी वाटलं ऋताला सांगू नये. दोन महिन्यांनी म्हणू, यतीनचं खरं होतं, दुबईत नाही फुलत. मग लंच अवरला तिचा फोन आला, टेम्परेचर किती, आणि मी सगळं ओकलो. सफरचंद, गॅस, कोथिंबीर, अंगठा.

तिने मग विचारलं, "किती राहिल्यात?"

"शेंड्याकडच्या थोड्या. लहान आहेत, कडक आहेत."

"मग त्या वाचव ना. माझ्याशी काय बोलत बसलायस?" आणि फोन ठेवला.

खलास. तिचा आवाज मी ओळखतो. दहा मिनिटांनी मेसेज आला, अंगठ्याला बर्फ लाव. टोमणा असणार.

६ डिसेंबर, शुक्रवार

झाड हलवायचं कुठे? मेथीच्या खोलीत टोमॅटो, किवी, पिकायला आलेलं काहीही येत-जात असतं, गॅस तोच. फळाचं नाव नाही अशी थंड खोली ह्या गल्लीत एकच. तहाभाईंची.

जुम्म्याची नमाज पढून ते आले तेव्हा मी त्यांच्या दारात झेंडूच्या पोत्यांमध्ये उभा होतो, हातात झाड. त्यांनी मला बघितलं, आत गेले, चहा मागवला, प्यायले. मी उभाच.

"माफी मागायला आलायस की जागा मागायला?"

"दोन्ही."

"आधी कोणतं?"

मला जीभ आवरायला लागली. म्हणालो, "माफी. त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

"जागा आधी म्हणाला असतास तर नसती दिली," ते म्हणाले. मग झाड हातात घेतलं, फांदी न फांदी बघितली. "माझ्याकडे फळ आत येत नाही. आमचा जावई केळं खाऊन आला तरी बाहेर उभा. झाड कुणाचं?"

"एका ओळखीच्या मुलीचं."

"ओळखीच्या." त्यांनी तो शब्द चघळला. "ठेव. भाडं म्हणून व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात माझ्याकडे हात लाव. तेव्हा माणसं कमी पडतात."

झाड आता गुलाब आणि मोगऱ्याचे गजरे ह्यांच्या मध्ये आहे. तीन डिग्री. तिथून बाहेर आलो आणि काय गंमत, तहाभाईंवरचा राग शोधला तर सापडेना.

७ डिसेंबर, शनिवार

ऋता आली. मला वाटलं झाड परत न्यायला आली. तिने तहाभाईंच्या खोलीत झाड बघितलं, मग मला बूट काढायला लावला आणि अंगठा बघितला. म्हणाली, डॉक्टरकडे गेलास का? मी म्हणालो झाडाबद्दल बोल. ती म्हणाली, झाड ठीक आहे, तू मूर्ख आहेस.

अजून रागावलेली आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

एकही कळी पडलेली नाही. तहाभाई सकाळी दुकान उघडलं की आधी तिथे डोकावतात, पण मला सांगतात, मी कशाला बघू, मला काय काम नाही?

मामांचं काही कळत नाही. दोन ड्रायव्हर रिकामे बसलेले असतात आणि काकूंची मेथी पोचवायला मलाच पाठवतात. बरं, डिलिव्हरी जेवायच्या वेळेलाच. काकू जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्यांना कुणालातरी वाढायची सवयच आहे. आज भरलं वांगं होतं. कॉलेजचं विचारलं त्यांनी. माझं डोकं तापायला लागलं तेवढ्यात म्हणाल्या, रागावू नकोस, डिग्री बाहेरून पण पूर्ण होते असं ऐकलं, एवढंच. चुकीचं काही नव्हत्या बोलत. आणखी एक भाकरी घेतली.

यतीनचं लग्न ठरलं, पुण्याची मुलगी आहे. ऋताने मला हे तीनदा सांगितलं. तिला वाईट वाटत असणार. मी प्रत्येक वेळी विषय बदलला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऋता ऑफिसमधून परस्पर आली आणि सगळ्या गाळ्यांत तिळगूळ वाटला. तहाभाईंनी तिला विचारलं, तूच का ती ओळखीची? ती म्हणाली, ओळख अजून चालूच आहे. दोघं खूप हसले. माझ्या हातात तिळगूळ देताना म्हणाली, "गोड बोल. प्रयत्न तरी कर."

महादूने वहिनींच्या वाटचा लाडू खाल्ला.

२५ जानेवारी, शनिवार

झोप पुरी झाली. दुबईत आता रात्री छान गार असतं, चौदा-पंधरा, झाडाला जाग यायला हेच पाहिजे. तहाभाई स्वतः व्हॅन घेऊन आले, म्हणाले, तू चालवलीस तर रस्त्यात कुणाशी तरी भांडशील. अल मनखूलला बाल्कनीत सावलीच्या बाजूला ठेवलं. पाणी दिलं. काकूंनी त्याला हळदीकुंकू वाहायची तयारी केली होती, ऋताने थांबवलं.

उरलेल्या कळ्या हातांच्या बोटांवर मोजता येतील. तेवढ्या पुरे. मला एकच पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. ऋता रोज फोटो पाठवते, मी झूम करून बघतो. काल मला वाटलं एक फुगलीय, ती म्हणाली पिक्सेल आहे. मी म्हणालो वरून पाणी घालू नकोस. ती म्हणाली, मग स्वतः येऊन घाल. भांडणच. शेवटी काल, आज, दोन्ही दिवस कामावरून सुटून तिकडे गेलो आणि पाणी घातलं. पाणी घालायला दोन मिनिटं लागतात. घरी यायला दहा वाजले.

डोक्यात सारखं एकच. नाही फुललं तर? मी स्वतःला शब्द दिलाय. गप्प म्हणजे गप्प.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तहाभाईंकडे गुलाब. सकाळपासून काटे काढतोय, बोटांची चाळण झालीय. लोक येतात आणि कार्डावर काय लिहू म्हणून मलाच विचारतात. दहा-बारा जणांना मी झटक्यात लिहून दिलं. एक पठाणकाका तर पाठ थोपटून गेले. तहाभाई बघत होते. म्हणाले, दुसऱ्यांचं फार छान लिहितोस.

चारच्या सुमाराला ऋताचा फोन. टेम्परेचर नाही, हॅलो नाही. म्हणाली, "एक उघडतंय. ये."

मी तहाभाईंकडे बघितलं. समोर गुलाबांचा डोंगर. ते म्हणाले, "यल्ला, जा. उद्या लवकर ये, नाहीतर तुझ्या त्या झाडाचा पण गुच्छ करीन."

पाकळी पूर्ण उघडली नव्हती. फिक्या गुलाबी रंगाची एक टोपी, बाजूला सरकलेली, आतून पिवळे केसर डोकावणारे. आम्ही दोघं बाल्कनीच्या फरशीवर बसलो आणि बघत राहिलो. फूल उघडताना दिसत नाही, तरी बघत राहिलो. मी विचारणार होतो. तोंड उघडलं आणि काकू कांदाभजी घेऊन आल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काकूंनी सगळ्यांना फूल बघायला बोलावलं. फुलं म्हणायला हवं. काळ्या काडीवर पाच, आणि दोन उद्या-परवा. फोटोतल्यासारखं लगडलेलं नाही, खालच्या फांद्या उघड्याच आहेत, पण जवळ गेलं की मधासारखा मंद वास येतो. सफरचंदाहून कितीतरी चांगला.

यतीन आला, वाकून बघितलं, म्हणाला, ओके, आय टेक इट बॅक, आणि माझ्याशी हात मिळवला. माणूस वाईट नाही. महादू धुतलेला शर्ट घालून आला होता. तहाभाई फुलाकडे बघून म्हणाले, माशाल्ला, आणि मग मला म्हणाले, दहा हजार गुलाब विकले ह्या आठवड्यात, एकाकडे असं बघितलं नाही.

चहा चालू होता तेव्हा काकूंनी मला विचारलं, "काय रे सुदेश, दरवर्षी असंच न्यावं लागणार का ह्याला थंडीत?"

मी सांगितलं, हो, दरवर्षी. दरवर्षी पानं काढायची, दरवर्षी दोन महिने झोप. एक हिवाळा चुकला की पुढची फुलं गेली.

"मग दरवर्षी नेणार कोण?"

"तहाभाईंची व्हॅन आहे ना," मी म्हणालो.

सगळी खोली हसली. मामांचा चहा सांडला. मामी म्हणाली, ह्यांचाच भाचा शोभतो. ऋता उठून कप घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. मला काही कळेना. व्हॅन लहान आहे का? मी म्हणालो, पिकअप पण आहे. तर आणखी हसले.

निघालो. लिफ्टने खाली आलो, पार्किंगमध्ये मामा-मामी गाडीत बसले, मी मागचं दार धरलं आणि तसाच उभा राहिलो. मेथी. जेवायची वेळ. एका आकड्यासाठी अर्धा तास. यतीनचं लग्न, तीनदा.

मामा आरशातून बघत होते. म्हणाले, "लिफ्टला वेळ लागेल. जिन्याने जा."

पाच मजले. दार उघडंच होतं. ऋता दारात, हाताची घडी घालून.

"एवढे दिवस लागले कळायला, तेही पार्किंगमध्ये?" ती म्हणाली.

मला धाप लागलेली. नोव्हेंबरपासून जे पाठ केलं होतं त्यातला एक शब्द आठवेना.

"मी नेणार," मी म्हणालो. "दरवर्षी."

"आणि मी?"

"तू सीटबेल्ट लावणार. त्याला."

ती हसली. मग माझा हात धरला, काट्यांनी सोललेला, आणि आत हाक मारली, "आई, डिंकाचा लाडू आहे का गं? जावई बारीकच आहेत अजून."

नीट विचारायचं राहिलंच आहे. उद्या विचारतो. उत्तर आधीच मिळालेला पेपर आयुष्यात पहिल्यांदा, तो तरी सोडून येणार नाही मी.